हवेली मात्र निर्दोष!

करमणूक हा चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय नव्हे, असे मानणारे कार्यकर्ते पुष्कळ आहेत. ज्या चळवळीने राष्ट्र सेवा दलाचे कलापथक उभे केले, तमाशाचे लोकनाट्य करून ते गावोगाव नेले, त्या चळवळीच्या वारसदारांना तरी ही उपेक्षा शोभणारी नाही. लोक काय पाहतात, त्यात त्यांना काय आवडते आणि ते आवडत असताना कोणती समजूत नकळत मनात घर करते, याची विचारपूस करणे हेही राजकीय कामच आहे.

वसई तालुक्यातील निर्मळ या गावाचे उदाहरण घ्यावे. टेकडीवर शंकराचार्यांचे समाधिमंदिर, खाली तळे, जवळच होली क्रॉस चर्च, भोवती केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या. कार्तिक वद्य एकादशीपासून भरणारी येथील यात्रा साऱ्या पंचक्रोशीची. एके काळी अशा गावातील माणसाला खेळ-तमाशा पाहायचा तर यात्रेची वाट पाहावी लागे, किंवा स्टेशनाजवळचे चित्रपटगृह गाठावे लागे. आज जगातला कोणताही चित्रपट त्याच्या खिशातील फोनवर हजर असतो. त्यात एक प्रकार असा आहे की, तो शंभर वर्षांचा होत आला तरी त्याची लोकप्रियता ओसरत नाही. तो म्हणजे इंग्लंडमधील जमीनदारी हवेलीत घडणाऱ्या खुनाचा रहस्यपट.

त्याचा साचा सर्वांना ठाऊक आहे. गावाबाहेर, विस्तीर्ण हिरवळीच्या मधोमध एक हवेली. शनिवार-रविवारसाठी जमलेले पाहुणे : एखादा निवृत्त कर्नल, एक डॉक्टर, एक धर्मोपदेशक, एक कफल्लक पुतण्या, एक देखणी बाई. रात्री जेवणानंतर ग्रंथालयात यजमानाचे प्रेत सापडते. बाहेर पूर, बर्फ किंवा धुके असल्याने कोणी आत आलेले नाही, कोणी बाहेर गेलेले नाही. म्हणजे खुनी घरातलाच. मग एक चतुर गुप्तहेर येतो, प्रत्येकाची उलटतपासणी घेतो, शेवटी सर्वांना दिवाणखान्यात बसवून एकाकडे बोट दाखवतो. पोलीस त्या एकाला घेऊन जातात. उरलेले सुटकेचा श्वास टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नोकर पुन्हा चहा घेऊन येतो.

या साच्यात वाईट काय आहे? वरवर पाहता काहीच नाही. किंबहुना त्यात एक लोकशाही बीज आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. या खेळात सरदार, कर्नल आणि पाद्री यांच्यापैकी कोणीही संशयापलीकडे नसतो. मोठ्या घरच्या माणसालाही काल रात्री अकरा वाजता तुम्ही कोठे होता, याचे उत्तर द्यावे लागते. हुद्दा चालत नाही, पुरावा चालतो. ज्या देशात पाटलाला, सावकाराला किंवा आमदाराला असा प्रश्न विचारण्याची छाती ठाणेदाराला होत नाही, त्या देशातील प्रेक्षकाला हे दृश्य सुखावणारे वाटले तर नवल नाही. बुद्धीवरचा आणि पुराव्यावरचा हा विश्वास मोलाचा आहे. पण या खेळाची एक अट आहे, आणि ती कोणी बोलून दाखवीत नाही : संशय घरातील प्रत्येक माणसावर घ्यावा, घरावर मात्र घेऊ नये.

हवेली कोणाच्या पैशावर?

त्या घरावर संशय घेण्यास सबळ कारणे आहेत. इंग्लंडमधील ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० साली आपल्या ताब्यातील घरांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. वसाहतवादाशी आणि गुलामांच्या व्यापाराशी संबंध असलेली ९३ ठिकाणे त्यात नोंदवली गेली. एवढ्यावरही तेथील सनातन्यांनी काहूर माजवले. बर्कशायरमधील बॅसिल्डन पार्क हे घर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत बंगालमध्ये गबर झालेल्या फ्रान्सिस साइक्स याने बांधवून घेतले. ग्लॉस्टरशायरमधील सेझिनकोट ही कोठी कंपनीच्याच एका अधिकाऱ्याच्या कुटुंबाची; तिला तर घुमटही मोगली आहे. वेल्समधील पॉविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तू आहेत आणि त्यांत टिपू सुलतानाचा तंबूही आहे. पडद्यावर ज्या गालिच्यावर यजमानाचे प्रेत पडलेले दिसते, त्या गालिच्याचा पैसा कोठून आला, हा प्रश्न गुप्तहेराच्या वहीत कधी नसतो.

हा साचा जन्माला आला तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची पहिली रहस्यकादंबरी १९२० साली आली आणि तिचे स्थळ अशीच एक ग्रामीण हवेली होते. १९२६ च्या मे महिन्यात खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मागे घेतला गेला आणि खाणकामगार मात्र पुढे कित्येक महिने एकाकी झुंजत राहिले. त्या संपाच्या पुढच्याच महिन्यात ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही ख्रिस्तीबाईंची गाजलेली कादंबरी पुस्तकरूपाने बाहेर पडली. १९३१ साली तिच्यावरून ‘अ‍ॅलिबाय’ हा बोलपट निघाला. लाखो कामगार रस्त्यावर असलेल्या देशातील मध्यमवर्गाला असे एक जग हवे होते, की जेथे अशांततेचे कारण एकच दुष्ट माणूस असतो आणि त्याला पकडले की सारे पूर्ववत होते. त्या काळात इंग्लंडमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. रहस्यपटांत त्यांच्या वाट्याला आले ते किंकाळी फोडून प्रेत सापडल्याची वर्दी देण्याचे काम.

नोकर कोणाला दिसत नाही, हे सत्य या चित्रपटांनाही ठाऊक आहे. १९६१ सालच्या ‘मर्डर, शी सेड’ या चित्रपटात मार्गारेट रदरफर्ड यांनी रंगवलेली मिस मार्पल आगगाडीतून एक खून पाहते, पण पोलीस तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. तेव्हा ती संशयित हवेलीत मोलकरीण म्हणून कामाला लागते. मोलकरणीकडे कोणी पाहतच नाही, म्हणून तिला सारे घर धुंडाळता येते. केवढे भेदक निरीक्षण! परंतु ते तेथेच थांबते. मिस मार्पल स्वतः भद्र घरातील बाई आहे, म्हणून तिची हुशारी रहस्य उलगडते. खरोखरच्या मोलकरणीने काय पाहिले, हे तिला विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

एकवीस माणसांचे काय झाले?

ख्रिस्तीबाईंच्या १९३९ सालच्या एका कादंबरीत दहा माणसांना एका बेटावरील घरात बोलावले जाते. प्रत्येकाने पूर्वी कोणाचा तरी जीव घेतलेला असतो, पण कायदा त्याच्यापर्यंत पोहोचू शकलेला नसतो. तबकडीवरचा एक आवाज प्रत्येकाचा गुन्हा वाचून दाखवतो. लॉम्बार्ड नावाच्या इसमावर आरोप असतो तो पूर्व आफ्रिकेतील एका जमातीच्या २१ माणसांच्या मृत्यूचा. त्यांना रानात अन्नावाचून सोडून हा पळालेला असतो, आणि त्याला त्याची विशेष खंतही नसते. कादंबरीत शेवटी दहाही जण मरतात.

१९४५ साली रने क्लेअर या दिग्दर्शकाने या कथेवर हॉलिवूडमध्ये चित्रपट काढला, तेव्हा नायक-नायिकेला जिवंत ठेवणे आवश्यक ठरले. मग २१ माणसांच्या हत्येचा आरोप असलेल्या नायकाचे काय करायचे? चित्रपटाने सोपी वाट काढली. हा लॉम्बार्ड नव्हेच. हा त्याच्या नावाने आलेला त्याचा मित्र, आणि म्हणून निष्कलंक! नायकाचे नाव बदलले आणि २१ आफ्रिकी माणसे कथेतून पुसली गेली. त्यांची नावे काय होती, त्यांच्यामागे कोण होते, हे प्रेक्षकाला कळत नाही. ते कळले नाही याची चुटपुटही त्याला लागत नाही, कारण तोवर त्याचे सारे लक्ष दहांपैकी किती उरले, हे मोजण्यात गुंतलेले असते.

येथे इंग्रजी न्यायबुद्धीची दुसरी बाजू भारतीय वाचकाला आठवल्यावाचून राहत नाही. पडद्यावरील इंग्रज पोलीस अधिकारी संशयिताला सोफ्यावर बसवतो, टोपी काढून बोलतो, पुराव्यावाचून शब्द उच्चारीत नाही. त्याच राज्यकर्त्यांनी या देशात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतः संशयित ठरवल्या. पुरुषांना हजेरी लावण्याची सक्ती झाली आणि कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणात डांबली गेली. सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण महाराष्ट्रात आजही बुजलेली नाही. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या; पण चोरी झाली की पारध्यांच्या पालावर धाड घालण्याची पोलिसी सवय काही रद्द झाली नाही. घरच्या हवेलीसाठी पुराव्याचा न्याय आणि वसाहतीतील पालासाठी जन्माचा न्याय, असे दोन न्याय एकाच साम्राज्याने चालवले. आपल्यापर्यंत करमणूक म्हणून पोहोचला तो पहिला, कारभार म्हणून पोहोचला तो दुसरा.

नकलेत काय आले?

हा साचा आपल्याकडे आला, त्याला प्रारंभी मोठ्या वाचकवर्गाची जोड मिळाली. निर्मळपासून फार दूर नसलेल्या अर्नाळ्याचे नाव आपल्या टोपणनावात मिरवणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळापहाड यांना घराघरांत नेले. ज्यांना ‘वाङ्मय’ परवडत नव्हते, त्यांना अर्नाळकरांनी वाचनाची गोडी लावली. हे श्रेय त्यांना देण्यात साहित्यिकांनी फार कंजुषी केली, हे नमूद केलेच पाहिजे.

हिंदी चित्रपटाने तर हवेली जशीच्या तशी उचलली. १९६५ साली राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला ‘गुमनाम’ हा त्या दहा माणसांच्या कथेचाच अवतार. त्यातील निर्जन हवेलीचा खानसामा मेहमूद यांनी रंगवला आणि चित्रपट डोक्यावर घेतला गेला तो पुष्कळसा त्यांच्यामुळे. परंतु तो खानसामा हसण्यासाठी आहे. त्याचा काळा रंग, त्याची लुंगी, त्याची बोली हे सारे विनोदाचे साहित्य. १९७३ साली बी. आर. चोप्रा यांनी ख्रिस्तीबाईंच्या एका नाटकावरून ‘धुंद’ काढला. धुक्यातला बंगला, पांगळा आणि क्रूर नवरा, त्याचे प्रेत, पिस्तूल हातात घेतलेली बायको. यात निदान घरातील जुलमाची वेदना होती. बायकोवर सत्ता गाजवणारा नवरा मेला तर गुन्हेगार कोणास म्हणावे, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनाला चाटून जात होता. पण तोही प्रश्न धुक्यात विरला आणि उरली फक्त चकवाचकवी.

नकलेत हवेली आली, पियानो आला, रात्रीचा पाऊस आला. हवेलीच्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे आहे आणि ती कसणारे कोठे राहतात, हे मात्र आले नाही.

घराला प्रश्न विचारणारे

याचा अर्थ सारा प्रकारच टाकाऊ आहे, असा नव्हे. ब्रिटनमधील समाजवादी विचाराच्या लेखकांनी याच साच्याचा उपयोग करून हवेलीवर खटला भरला आहे. जे. बी. प्रीस्टली यांचे ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ हे नाटक १९४५ साली प्रथम रंगभूमीवर आले ते सोव्हिएत रशियात. लंडनला ते पुढच्या वर्षी पोहोचले. १९५४ साली गाय हॅमिल्टन यांनी त्यावर चित्रपट केला आणि अ‍ॅलिस्टर सिम यांनी त्यात इन्स्पेक्टरची भूमिका केली. कथा १९१२ सालची. कारखानदार बर्लिंग यांच्या घरी मुलीच्या वाङ्‌निश्चयाची मेजवानी चालू आहे. एक इन्स्पेक्टर येतो आणि सांगतो की, एका तरुण मुलीने विष पिऊन जीव दिला आहे. हळूहळू उलगडते ते असे : बर्लिंगने तिला पगारवाढीसाठी संप केला म्हणून कारखान्यातून काढले. त्याच्या मुलीने एका क्षुल्लक रागापोटी तिची दुकानातील नोकरी घालवली. भावी जावयाने तिला ठेवले आणि सोडले. मुलाने तिला गरोदर केले. आणि धर्मादाय संस्थेच्या अध्यक्ष असलेल्या बर्लिंगबाईंनी तिला दारातून हाकलले.

येथे खुनी शोधायचाच नाही; सारे घरच खुनी आहे. प्रीस्टली यांचे मोठेपण असे की, ‘समाज गुन्हेगार आहे’ असे एक गोलमाल विधान करून ते मोकळे होत नाहीत. समाजावर सारा दोष टाकणे ही बड्यांना सोडवण्याची आणखी एक युक्ती असते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी प्रत्येकाचे कृत्य वेगळे काढून त्याच्यासमोर ठेवले : ही तुमची सही, हा तुमचा शब्द, हा तुमचा दरवाजा. व्यवस्थेवरचा खटला कसा चालवावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

दुसरे उदाहरण अलीकडचे. रॉबर्ट ऑल्टमन यांचा ‘गॉसफर्ड पार्क’ हा चित्रपट २००१ साली आला. १९३२ सालच्या नोव्हेंबरात एका सरदाराच्या हवेलीत शिकारीसाठी पाहुणे जमतात आणि यजमानाचा खून होतो. साचा तोच, पण ऑल्टमन यांनी कॅमेरा जिन्याखाली, नोकरांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. वरच्या मजल्यावरील गोष्टीही आपण पाहतो त्या कोणी ना कोणी नोकर तेथे हजर असतो म्हणून. खुनाची चौकशी करायला आलेला अधिकारी नोकरांचे जबाब घेण्याचे कारणच नाही असे मानतो. मृताशी ज्यांचे ‘खरे संबंध’ होते त्यांच्याशीच त्याला बोलायचे असते. आणि सत्य नेमके त्यांच्यातच दडलेले असते. मेलेल्या सरदाराचे कारखाने होते. तेथील कामगार मुली त्याच्या वासनेला बळी पडत आणि त्यांची मुले अनाथाश्रमात टाकली जात. त्या पापाचा हिशेब त्याच्याच घरात चाकरी करणाऱ्यांनी चुकता केलेला असतो. कायद्याला हे कधीच कळत नाही. कळते ते एका नवख्या दासीला. ती गप्प राहते.

मारुती कांबळे नावाचा प्रश्न

मराठीत या साच्याला खरे उत्तर मिळाले ते १९७५ च्या ‘सामना’त. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, रामदास फुटाण्यांची निर्मिती. येथेही एक मोठे घर आहे : साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील याचे. येथेही एक पाहुणा आहे : स्वातंत्र्यचळवळीतून आलेला आणि दारूत बुडालेला मास्तर. आणि येथेही एक खून झालेला आहे. पण इंग्रजी रहस्यपट खुनी कोण, असे विचारीत पुढे सरकतो, तर मास्तर विचारतो ते मेलेल्या माणसाविषयी. मारुती कांबळे कोण होता, त्याचे काय झाले, एवढाच त्याचा धोशा आहे.

या दोन प्रश्नांमध्ये एका जगाचे अंतर आहे. पहिला प्रश्न खुन्यापासून सुरू होतो आणि खुन्यापाशी संपतो. मृत माणूस ही त्यात एक सोय असते. दुसरा प्रश्न मृताला माणूस म्हणून परत आणतो. तो विचारला की साखर कारखाना, बँक, पंचायत, पोलीस, सारे त्याच्या कक्षेत येतात. हिंदुराव अखेरीस कायद्याच्या हाती लागतो, पण चित्रपटाचे बळ त्या अटकेत नाही. सारा गाव जे जाणतो ते एका दारुड्याने मोठ्याने विचारले, यात ते आहे. हिंदुरावाची भूमिका करणारे निळू फुले हे सेवा दलाच्या कलापथकातून घडलेले नट होते. सत्तेचा माज त्यांनी एवढ्या बारकाव्यांनिशी उभा केला, कारण त्या माजाकडे खालून पाहण्याची दृष्टी त्यांना चळवळीने दिली होती.

आपल्याकडील रहस्य मुळातच निराळ्या जातीचे आहे. खुनी कोण हे येथे बहुधा सर्वांना माहीत असते. कोण बोलेल, हे कोणाला माहीत नसते. निर्मळ ज्या जिल्ह्यात येते त्याच जिल्ह्याचा इतिहास याची साक्ष देतो. आजचा पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. त्यापूर्वी तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता. तलासरी, डहाणू या भागांत वारली कष्टकरी सावकारांच्या वेठीस बांधलेला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत आणि त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथील मेळाव्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या निःशस्त्र आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. रने क्लेअर यांचा बेटावरच्या घराचा चित्रपट त्याच वर्षीचा. तिकडे प्रेक्षक खुनी ओळखण्याची पैज लावीत होते. इकडे खुनी गणवेशात होता, आणि त्याला बोलावणारे कोणत्या बंगल्यांत राहतात हे प्रत्येक पाड्याला ठाऊक होते.

वेठ कायद्याने संपली ती १९७६ च्या अधिनियमाने. पण कायदा झाला म्हणून वेठबिगार मोकळा होत नाही. १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली आणि खुद्द वसई तालुक्यातील वेठबिगारांच्या मुक्तीसाठी संघर्ष केला. तोवर मुंबईपासून लोकलने जेमतेम तासाच्या अंतरावर, घरात दूरचित्रवाणी आलेल्या काळात, माणसे पिढीजात कर्जावर गहाण पडलेली होती. त्या घरांमध्ये एकही प्रेत ग्रंथालयात सापडले नाही. म्हणून एकही गुप्तहेर तिकडे फिरकला नाही.

घरच खुनी ठरते तेव्हा

हे सारे गतकाळाचे, असे कोणी म्हणेल. त्याने निर्मळहून रेल्वेच्या रुळांपलीकडे नजर टाकावी. २०२५ च्या ऑगस्टअखेर विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा भाग रात्री कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. ही इमारत अनधिकृत असल्याचे महापालिकेने सांगितले. गुन्हा नोंदला गेला, बांधकाम व्यावसायिकाला अटक झाली, आणि वर्तमानपत्रांच्या दृष्टीने रहस्य सुटले. त्याच वर्षाच्या आरंभी नालासोपारा पूर्वेला, सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवरील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तेथे खोल्या घेतल्या, ती कुटुंबे रस्त्यावर आली.

बांधणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ४१ इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. सिमेंटच्या गाड्या दिवसाढवळ्या येतात. वीज जोडली जाते. पाणी मिळते. करारपत्रे होतात, कर्ज मिळते, मते मागायला उमेदवार त्याच जिन्यांवरून चढतात. यांतील प्रत्येक टप्प्यावर एक सही आहे, एक मेज आहे, एक डोळेझाक आहे. ती ओळीने मांडण्याचे काम प्रीस्टलीच्या इन्स्पेक्टरने बर्लिंगच्या घरात केले होते. वसई-विरारमध्ये ते कोणी केले? आणि गिरणगाव उजाड झाल्यावर, मुंबईत घर परवडेनासे झाल्यावर, कष्टकऱ्याने अशा भिंतींचा आसरा का घेतला, हा प्रश्न तर कोणत्याच पंचनाम्यात बसत नाही. खुनी सापडला, हवेली निर्दोष सुटली! इंग्रजी रहस्यपटाने शंभर वर्षे घडवलेली सवय अशी उपयोगी पडते. एकाकडे बोट दाखवले की उरलेल्यांनी चहा प्यावा.

या तालुक्याला दुसरी सवयही आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामाचा लोंढा वसईत शिरू लागला, टँकरवाले वाड्यांतील विहिरी उपसू लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. २००९ साली महानगरपालिका झाली तेव्हाही पश्चिम पट्ट्यातील गावांनी तिच्यात जाण्यास कडवा विरोध केला. आटणाऱ्या विहिरीचा कोणी पंचनामा करीत नाही. पण या लोकांनी विहिरीचे काय झाले, हा प्रश्न टँकरवाल्यापाशी थांबू दिला नाही. तो त्यांनी आराखड्यापर्यंत, मंत्रालयापर्यंत नेला. सामन्यातील मास्तराची पद्धत हीच होती.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

चित्रपटांवर बहिष्काराची हाक देणे हा शुद्ध वेडेपणा होईल. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी कोडे सोडवावेसे वाटले, तर त्याचा तो हक्क आहे. त्याच्या करमणुकीला नाके मुरडणारा समाजवादी त्याच्यापासून दूर जातो आणि चित्रपट मात्र त्याच्याजवळच राहतो.

करता येण्याजोगे काम निराळे आहे. निर्मळच्या यात्रेत हजारो माणसे जमतात. हिंदू, ख्रिस्ती, आदिवासी, आगरी, कोळी, आणि आता परप्रांतातून आलेले भाडेकरूही. त्या दिवसांत किंवा एरवीच्या अभ्यासवर्गात एक पडदा उभारून ‘मर्डर, शी सेड’, ‘गॉसफर्ड पार्क’ आणि ‘सामना’ हे तीन चित्रपट तीन रात्री दाखवावेत. व्याख्यान देऊ नये. पहिल्या रात्री खुनी ओळखण्याची पैजही लागू द्यावी. तिसऱ्या रात्री, ‘सामना’ संपल्यावर, दिवे लावून विचारावे : मारुती कांबळेचे नाव सर्वांच्या लक्षात आहे, विरारला मेलेल्या १७ जणांपैकी एकाचे तरी नाव कोणाला ठाऊक आहे काय?

उत्तर येईपर्यंत कार्यकर्त्याने गप्प बसावे. नावे गोळा होऊ लागली, की पुढच्या चौकशीला कोठून सुरुवात करायची हे लोक स्वतःच सांगतील.